ओटीतली किल्ली

गाडी घ्यायची हे डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. भाव मी करायचा हे मी ठरवलं. पुढे जे काही झालं, त्यात डॉक्टरीणबाईंचा काडीचाही दोष नाही.

झालं असं, की रेवाला सातवा महिना लागला. तपासणीला गेलो तेव्हा बाईंनी विचारलं, "कशानं आलात?" मी अभिमानानं हेल्मेट दाखवलं. चेन्नईच्या एका टोकाहून, तांबरमहून, पार नुंगंबाक्कमपर्यंत स्कूटर, आहात कुठे! बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते हेल्मेट तिथंच डोक्यात घालावंसं वाटलं. "हिला पुन्हा स्कूटरवर बसवलंत तर माझ्या दारात येऊ नका," त्या म्हणाल्या. (इंग्रजीत म्हणाल्या. इंग्रजीत ते जास्त लागतं.)

मी इरुंगाट्टुकोट्टैला मोटारीचे आरसे बनवणाऱ्या कारखान्यात आहे. म्हणजे आरसे रोज हातात, गाडी नाही. बाळंतपणाचे पैसे बाजूला ठेवून, डबेबिबे खरवडून एक लाख दहा हजार निघत होते. त्यावर एक पै नाही. तेव्हा जुनी गाडी, तीही थेट मालकाकडून.

आणखी एक गोष्ट होती. रेवाची आई दोन वर्षांपूर्वी गेली. माझी आई साताऱ्याला गुडघे धरून बसलेली. सातव्या महिन्यात डोहाळे पुरवायला, ओटी भरायला इथं आमचं कुणी नव्हतं. रेवा बोलून दाखवायची नाही. पण समोरच्या तमिळ मुलीचं वळैकाप्पू झालं, सातव्यातला बांगड्या भरायचा सोहळा, तेव्हा तो किणकिणाट ऐकून तिनं खिडकी लावून घेतली. मला दिसलं ते. मला फार वाईट वाटलं, आणि करता तर काहीच येईना. गाडी तेवढी घेता येत होती.

रविवारी दारात फुकट पडणाऱ्या पेपरात जाहिरात होती. छोटी पांढरी गाडी, एकच मालक. फोन केला. "राव स्पीकिंग," पलीकडून आवाज आला.

"तेलुगू आहेत," मी रेवाला सांगितलं.

"कशावरून?"

"अगं, राव म्हणजे तेलुगू! एवढं कळतं मला."

मग मी तिला डावपेच समजावले. आमच्या ऑफिसातला शार्दूल अशा बाबतीत वस्ताद आहे. (त्यानं स्वतः अजून गाडी घेतलेली नाही.) त्याचं म्हणणं, गाडी आवडली तरी तिला नावं ठेवायची. शिवाय आपल्याकडे मराठी आहे! चेन्नईत चारचौघांत खुशाल मसलत करावी, कुणाच्या बापाला कळत नाही.

"तू मात्र तोंड उघडायचं नाहीस," मी बजावलं. "तुझ्या मनातलं सगळं बाहेर येतं. तू बोललीस की भाव वाढला म्हणून समज."

"बरं," रेवा म्हणाली. (बायको इतक्या चटकन 'बरं' म्हणाली की नवऱ्यानं सावध व्हावं. मी झालो नाही.)

स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाल्याशी मी अस्खलित तमिळमधून घासाघीस केली आणि त्यानं मागितले त्यापेक्षा दहा रुपये जास्त दिले. तमिळ आकडे तेव्हा पक्के नव्हते माझे.

घर बैठं, नीटनेटकं. उंबऱ्यापुढे कोलमची रांगोळी, दारावर 'टी. आर. राव' अशी इंग्रजी पाटी. चपला काढून आत गेलो. वेष्टी नेसलेले सत्तरीचे राव, आणि कॉफी देऊन लगबगीनं स्वयंपाकघरात परतलेल्या त्यांच्या मिसेस. डॉक्टरांनी डोळ्यांपायी गाडी चालवायची बंद केली, म्हणून विकतोय, असं राव इंग्रजीत म्हणाले. गाडी अंगणात कडुनिंबाखाली झाकून ठेवलेली. झाकण काढलं आणि मी खलास! एक ओरखडा नाही. सीटवर इस्त्रीचे अभ्रे. रेवाच्या पाठीला टेकायला आयती उशीसुद्धा.

मी चेहरा पाडला.

आत येऊन बसलो. रावांनी किल्ली टीपॉयवर ठेवली आणि डोळे मिटले.

"म्हातारा लबाड दिसतोय," मी हसतमुखानं रेवाला म्हणालो, जणू कॉफीची तारीफ करतोय. "बघ कसा बोक्यासारखा डोळे मिटून बसलाय."

रावांनी एक डोळा उघडला. "शुगर ओके?"

"फाइन, सर!" मी म्हणालो. आणि रेवाला, "गाडी झकास आहे, पण मी डबा म्हणणार. तू हसू नकोस." मग इंग्रजीत, "सर, कार इज व्हेरी ओल्ड."

"ओल्ड, येस. लाइक मी," राव शांतपणे म्हणाले. "बट नॉट डब्बा."

(डबा हा शब्द तमिळमध्येही आहे, हे मला ऐकून ठाऊक होतं. त्यामुळे मी दचकलो नाही. ज्ञान असं नडतं.)

"प्राइस, सर?"

"वन ट्वेंटी-फाइव्ह."

"एक दहापर्यंत जाऊ शकतो आपण," मी रेवाला म्हणालो, "पण याला नव्वद सांगतो, म्हणजे बरोबर येईल." आणि रावांना, "नाइन्टी, सर!"

राव पंख्याकडे पाहत राहिले. बराच वेळ. त्यांचे ओठ जरा हलल्यासारखे वाटले. "वन टेन," ते म्हणाले.

मी रेवाकडे झुकलो. "अगं, हा माणूस फेस रीडिंग शिकलाय! तू इकडे बघ, तुझ्या तोंडावरून वाचतोय तो." रेवा आधीच भिंतीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, उचकी लागली. "थांब, आता मी उठून जायचं नाटक करतो. दारापर्यंत गेलो की हाक मारतो की नाही बघ!"

मी ताडकन उठलो. "सॉरी, सर. टू मच!"

रावही उठले. माझ्या आधी दारापाशी गेले, दार उघडलं, माझ्या चपला पायानं सरळ करून ठेवल्या आणि बाजूला उभे राहिले.

मी दारापर्यंत गेलो, कोलम किती सुरेख आहे असं म्हणालो आणि परत येऊन बसलो. राव पुन्हा पंख्याकडे बघू लागले.

आणि तेवढ्यात आतून वास आला.

"गंधार," रेवा म्हणाली, "पुरण शिजतंय."

"शू!"

"गूळ पडला बघ आत्ता. आणि जायफळ." तिचा आवाज बदलला. मघाची उचकी कुठल्या कुठे गेली होती. "आई गेल्यापासून कुणी पुरण घातलं नाही रे माझ्यासाठी. मला सारखं तेच खावंसं वाटतंय. महिनाभर वाटतंय."

"अगं, इथं व्यवहार चाललाय आणि पुरण काय घेऊन बसलीस!" मी दातांतल्या दातांत म्हणालो. माझं मेलं लक्ष त्या एक दहावर. "भाव वाढेल!"

आतली भांड्यांची खडखड थांबली. मिसेस राव बाहेर आल्या. हातात पळी तशीच, तिला पुरण चिकटलेलं. माझ्यावरून गेल्या, रावांवरून गेल्या आणि रेवापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"कितवा गो, बाळ?"

"सातवा," रेवा म्हणाली.

"आणि ओटी?"

"नाही भरली कुणी अजून."

त्यांनी पळी माझ्या हातात दिली आणि रेवाचं डोकं पोटाशी धरलं. मी पळी घेऊन उभा. आणि मग, फार सावकाश, माझ्या डोक्यात उजाडलं की हे सगळं मराठीत चाललंय.

"तुम्ही... मराठी?"

"आम्ही तंजावरचे," राव म्हणाले. "तीनशें वर्षें जाहलीं येथें येऊन. घरांत मराठीच बोलतों. माझें नांव राणोजी. ह्या भवानीबाई. तुम्ही बोका म्हणालांत तरी चालेल."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो ना? मी खाली पाहिलंसुद्धा. लाल गुळगुळीत फरशी होती. जागा देईल असं वाटेना.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी कसंबसं म्हणालो.

"तुम्ही पुसलें कोठें? आणिक इतकें हसावयास फार दिवसांनीं मिळालें. परवाइल्लै, परवाइल्लै! असूं द्या."

भवानीबाईंनी रेवाला पाटावर बसवलं. स्कूटरचं सगळं रेवानं तिथंच सांगून टाकलं. कुंकू लावलं, केसांत मोगरा माळला. रेवा सलवार-कमीजमध्ये, म्हणून ओढणीचीच ओटी केली. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ. रेवा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी पळी धरून बघत होतो आणि माझंही काही ठीक चाललं नव्हतं.

भवानीबाई मागे सरकल्या. काहीतरी राहिलं अशा नजरेनं इकडेतिकडे पाहिलं. मग टीपॉयवरची किल्ली उचलली आणि नारळाशेजारी ठेवून दिली.

"अगो!" राव ओरडले. "भाव जाहला नाहीं अजून!"

"तो तुम्ही पुरुष करा. मी या पोरीला स्कूटरवर धाडावयाची नाहीं. आणि ओटींत पडलें तें माघारें निघत नाहीं."

आता आली का पंचाईत! मी शरमेनं इतका वाकलेलो की तोंडातून निघून गेलं, "एक पंचवीस देतो, काका." वरचे पंधरा हजार कुठून आणणार होतो, देव जाणे.

"नव्वद," राव म्हणाले.

"अहो, नव्वद मी उगाच म्हणालो होतो!"

"आम्ही ऐकिलें. नव्वद."

"असं कसं? एक वीस!"

"पंच्याऐंशी!"

"काका, तुम्ही खाली कशाला जाताय?"

"तुम्ही वर कां जातां? मी लबाड म्हातारा ना? लबाडास इतके पैसे?"

आवाज चढले. शेजारची खिडकी उघडली. आता हातघाईवर येतो की काय, अशी वेळ आली. (मी तावात पळी उगारली होती, असं रेवा म्हणते. मला आठवत नाही.)

"एक लाख एक रुपया," पाटावरून रेवा म्हणाली. तोंडात वाटीभर पुरण होतं. "शुभाचं देणं आहे. वर रुपया पाहिजे."

"पोर शहाणी आहे," भवानीबाई म्हणाल्या आणि वाटीत आणखी पुरण घातलं.

"सेरी, मान्य," राव म्हणाले. "पण एक गोष्ट. गाडी होती तेव्हां हिला शुक्रवारीं देवळास नेत असें. आतां माझ्या डोळ्यांपायीं ही घरांत बसली. तोंडानें म्हणत नाहीं कांहीं." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. "कधीं शुक्रवारीं येतां आलें तर..."

"त्यात काय, काका!" मी थाटात म्हणालो. मघापासून पहिल्यांदाच मला काहीतरी देता येत होतं.

कागदपत्रं झाल्यावर गाडी घ्यायला गेलो. अंगणातून बाहेर काढताना मी इतक्यांदा मागंपुढं केलं की राव म्हणाले, कोलम पुसला तेवढा पुरे आतां. अखेर मोठ्या रस्त्याला लागलो. रेवा उशीला टेकून बसली होती. मला कंठ फुटला.

"बघितलंस? पंचवीस हजार वाचवले नवऱ्यानं!"

"हो ना," रेवा म्हणाली. "आपण चपला काढत होतो तेव्हा आतून आवाज आला होता. 'तीन जाहल्या, आतां पुरे.' कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या."

माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्या बसनं जो हॉर्न दिला तो तमिळमध्ये होता, पण अर्थ कळला.

"म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"तूच म्हणालास ना, तोंड उघडू नकोस, भाव वाढेल म्हणून?"

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, "आणि ते पुरणाचं? तेही त्यांना ऐकवायला?"

"नाही रे," ती म्हणाली. "ते खरंच होतं." आणि गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "डोळे पूस. हिरवा झालाय."

आता आमची लेक आठ महिन्यांची आहे. अजून एक शुक्रवार चुकलेला नाही. (रेवाच्या बाळंतपणातले चुकले असते, पण भवानीबाई तेव्हा आमच्याच घरी मुक्कामाला होत्या.) पुढे राव बसतात आणि डोळे मिटून मला गिअर सांगतात. मागे भवानीबाई, रेवा आणि मांडीवर लेक. पुरणपोळीचा डबाही असतो.

मागे एका शुक्रवारी देवळाच्या दारात भवानीबाईंना त्यांची मैत्रीण कृष्णवेणी मामी फार दिवसांनी भेटल्या. मी लेकीला घेऊन शेजारीच उभा. मामींनी तमिळमध्ये विचारलं, "गाडी विकलीस म्हणे?"

"विकली," भवानीबाई तमिळमध्येच म्हणाल्या. "पैसेही आले, गाडीही दर शुक्रवारी दारात येते, आणि वर ड्रायव्हर फुकट. मुलगा गुणी आहे. जरा उशिरा कळतं त्याला, एवढंच."

मला शब्दन् शब्द कळला! एवढ्या महिन्यांत कान तयार झाला होता. पण मी पत्ता लागू दिला नाही. रावांकडून शिकलो होतो. पंखा नव्हता, म्हणून गोपुराकडे बघत राहिलो.

"पगार काय देतेस?" मामींनी विचारलं.

"शुक्रवारच्या दोन पुरणपोळ्या."

आणि तिथं माझा तोल गेला. घासाघीस अंगातच आहे, काय करणार! मी गर्रकन वळलो आणि आवेशानं तमिळमध्ये तीन म्हणालो. म्हणजे मला 'मूणु' म्हणायचं होतं. तोंडातून 'ओण्णु' निघालं.

"एकच?" भवानीबाई म्हणाल्या. "सेरी. ठरलें."

त्या शुक्रवारपासून मला एकच मिळते.