तिरफळाचं कालवण

काष्टीच्या काकासाहेबांना ताटात काही टाकायची सवय नव्हती. त्या दिवशी यशया मास्तरांच्या बायकोनं, कोकणात माहेर असलेल्या हन्नाबाईनं, माशाचं कालवण पाठवलं होतं. त्यात मिऱ्यापेक्षा थोरली, उकललेली काळपट फळं होती. काकासाहेबांनी मसाला समजून सहा-सात कराकरा चावली, आणि पुढचा घास तोंडातच राहिला.

जिभेला मुंग्या आल्या. मग ओठ बधिरले. मग जीभ तोंडात आहे की नाही, तेच कळेना. त्यांनी बोटानं चाचपली. होती, पण दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"दीब गेदी!" ते ओरडले.

"काय गेलं?" चुलीपुढून त्यांच्या बायकोनं, भीमाबाईंनी विचारलं.

"दीब! वारं गेदं!"

त्यांच्या चुलत्याचं असंच झालं होतं. सकाळी वाचा गेली आणि दिवस मावळायच्या आत माणूस गेला. काकासाहेबांना दरदरून घाम फुटला.

भीमाबाईंनी ताटात डोकावून बघितलं. मग म्हणाल्या, "कानिफ भावजींना बोलावू का?"

काकासाहेबांनी रडतच मान डोलावली.

सामाईक विहिरीचं पाणी आपल्या बांधातून धाकट्याच्या रानात जाऊ द्यायचं नाही, यावरून सात वर्षं भावाभावांत बोलणं नव्हतं. कानिफनाथ अनवाणी धावत आला. काकासाहेबांनी त्याला मिठी मारली आणि कालवणात बोट बुडवून सारवलेल्या जमिनीवर लांब रेघ ओढली.

"पाट?" कानिफनाथ रेघेवर वाकला. "तुज्या बांधातनं?"

काकासाहेबांनी दोन्ही हात जोडले.

"जावा भावजी," भीमाबाई म्हणाल्या, "मोट सुरूच हाय. त्यांच्या डोळ्यांदेखत पानी जाऊ द्या. जीव निवल."

कानिफनाथ डोळे पुसत फावडं घेऊन गेला. थोड्या वेळानं पाणी झुळझुळत त्याच्या वाळत्या गव्हात शिरलं. दारातून सगळं दिसत होतं. तेवढ्यात काकासाहेबांच्या जिभेला ओठांवरचे अश्रू खारट लागले.

"पानी!" ते स्वच्छ बोलले.

"आनू का?"

"पियाला न्हाई! माजं पानी चाल्लं!"

इतक्यात हन्नाबाई दारात आली. "भीमाकाकू, आवडलं का कालवण? ती तिरफळं काढून ठेवलीत ना? चावली तर जीभ मरते घटकाभर. मी सांगितलंच होतं तुम्हाला."

काकासाहेबांनी आ वासला. मग ते बायकोकडे वळले.

"तुला ठावं हुतं? मग मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगनारच हुते," भीमाबाई ताट उचलत म्हणाल्या. "पर तवर तुमी भावजींना मिठी मारली."