अम्ता म्हणजे देणे

एका जंगलात, बाळांनो, नदीसुद्धा गोठून गप्प बसेल एवढी थंडी पडायची. आपल्याकडचं नव्हे, पार उत्तरेकडचं जंगल हे. तिथे पाणमांजरांची दोन घराणी होती. एक नदीवर, एक तळ्यावर.

त्या वर्षी तळं पार तळापर्यंत गोठलं. तळ्यावरच्या मथुराकाकूंची दोन पिल्लं उपाशी. काकू नदीवरच्या हैबतरावांकडे गेल्या. त्यांच्या दारातच बर्फाला भोक होतं आणि भोकाखाली मासेच मासे. पोरांपुरते द्या, म्हणाल्या.

हैबतराव काही वाईट नव्हते हो. नात्यातल्या कुणाला रिकाम्या हाती पाठवायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाजच. पण नातं सिद्ध नको व्हायला? एक रक्त तर एक बोली, म्हणून त्यांनी विचारलं,

"आम्ही देण्याला 'अंता' म्हणतो. तुम्ही?"

"आम्ही 'अंदो' म्हणतो. म्हणजे भरवणं."

झालं. शब्द वेगळा, अर्थही वेगळा. प्रकरण अस्वलशास्त्र्यांकडे गेलं. त्यांनी दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. दोन्हींचं मूळ क्रियापद एकच असावं, अशी त्यांना शंका आली. मग सखोल अभ्यासासाठी ते गुहेत शिरले. अस्वलांचा सखोल अभ्यास थंडीभर चालतो. घोरणं बाहेर ऐकू येतं.

काकूंनी वाट पाहिली. शेवटी पिल्लांना घेऊन बर्फ तुडवत समुद्रावर गेल्या. तिथे सील राहत. त्यांची भाषा साफ निराळी, एक अक्षर कळेना. पण सीलांच्या म्हातारीने पिल्लांचे उघडे जबडे पाहिले आणि मासे पुढ्यात टाकले. नातंबितं विचारायचं तिला सुचलंच नाही. अडाणी, दुसरं काय!

वसंतात शास्त्रीबुवा जांभई देत बाहेर आले. मूळ क्रियापद सापडलं होतं, 'अम्ता'. त्याच्यापुढे त्यांनी एक चांदणी काढली. चांदणी म्हणजे, हा शब्द आजवर कुणी ऐकलेला नाही, पण होता. पूर्वजांच्या देण्यातूनच तळ्यावरचं भरवणं निघालं. तेव्हा दोन्ही घराणी एकाच रक्ताची.

हैबतरावांना अगदी भरून आलं. सगळ्यात मोठा मासा घेऊन ते तळ्यावर धावले. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. विचारत विचारत समुद्रावर पोचले, तर पिल्लं गुबगुबीत झालेली आणि सीलांच्या भाषेत मासे मागत होती.

"काकू, आपण एकाच रक्ताचे निघालो," हैबतराव डोळे पुसत म्हणाले.

"असू," काकू म्हणाल्या. "पण पोरं आता या म्हातारीला आजी म्हणतात."

तळ्यावरची बोली लोप पावली म्हणून शास्त्रीबुवा फार हळहळले. हैबतराव मासा घेऊन घरी परतले.

तात्पर्य : कुणालाही काही देण्याआधी 'देणे' या क्रियापदाचं मूळ नीट शोधून घ्यावं. नातं सिद्ध होतं आणि मासाही घरातच राहतो.