परसराममामांचा ढोल

परसराममामा चव्हाणांना शांतता सोसत नाही. जीपमध्ये बसले की पत्र्यावर, दुकानात उभे राहिले की बरणीच्या झाकणावर, आमच्याकडे चहाला आले की थेट आमच्या टेबलावर त्यांची बोटं चालू होतात. एकदा जवळच्या गोरेगावात डॉक्टर त्यांच्या पाठीला नळी लावून श्वास घ्या म्हणत होते, तर हे खाटेच्या कडेवर ताल धरून बसलेले. डॉक्टर वैतागले. "मला काही ऐकूच येत नाही हो!"

"मंग मोठ्यानं वाजवू का?" मामांनी विचारलं.

मामा माझे शेजारी. गाव संपून तांडा सुरू होतो तिथं आमची दोघांची घरं. त्यांची कापसाची, सोयाबीनची शेती. मी ज्या शाळेत शिकवतो तिच्याशी त्यांचा आता काही संबंध नाही. पण शाळेच्या बँडमधला मोठा ढोल पोरांना पेलत नाही, म्हणून सामन्याच्या दिवशी तो मामांच्या गळ्यात असतो. कोणी दिलेला नाही, त्यांनीच मागून घेतलेला आहे.

मुलींच्या कबड्डीत त्यांचं एक शास्त्र होतं. आपली पोरगी चढाईला गेली की ढोल बारीक. समोरची आली की असा दणका, की बिगुलवालं पोरगंसुद्धा दचकायचं. "समोरच्याचं काळीज हाललं पाह्यजे," मामा म्हणायचे.

"मामा, याला खिलाडूपणा म्हणत नाहीत," मी एकदा म्हटलं.

"म्या कुठं खेळून राहिलो, सर? म्या तर वाजवून राहिलो."

यंदाचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला. समोर साखरा गावाकडच्या मुली. एका जीपमधून आलेल्या, सोबत एक बाई आणि पाण्याचा जार. आमच्या बाजूला अख्खा गाव आणि बँड. शेवटी आम्ही एका गुणानं पुढे, आणि शेवटची चढाई त्यांची.

किडकिडीत पोरगी होती. एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत आली, आमच्या दोघींना शिवली आणि मामा उभे होते त्या कडेनं पळत रेषेपार झाली. तेवढ्यात शिट्टी वाजली. पंचांनी सांगितलं, मधेच दम तुटला, पोरगी बाद. गाव नाचायला लागलं.

"न्हाई तुटला, सर!" पोरगी रडकुंडीला आली. "म्या म्हणतच व्हते. यांच्या आवाजात तुमाला आयकू आलं न्हाई."

तिच्याकडे कोण लक्ष देणार? पण ढोल गळ्यात तसाच ठेवून मामा मैदानात शिरले.

"पंचसाहेब, पोरगी खरं बोलून राहिली. दम बराबर होता."

"एवढ्या गोंधळात तुम्हाला बरा ऐकू आला!"

"माझ्या म्होरून गेली ना ती. माझा हात थांबला होता."

मी आठवून पाहिलं. शेवटी ताशे वाजत होते, झांजा वाजत होत्या, ढोल नव्हता.

पंचांनी आमच्या कर्णधाराला, शीतलला, विचारलं. पोरगी शिवली त्या दोघींतली एक तीच. शीतलनं एकदा गर्दीकडे पाहिलं, मग पायाकडे. "व्हय सर. म्हणत होती."

दोन गुण त्यांना मिळाले आणि आम्ही एका गुणानं हरलो. शीतल लेकरू म्हणून सुटली. सगळे मामांवर तुटून पडले. "काहून बोलले तुमी? ढोल आपला न् साक्ष त्यांची?"  मामांनी ढोल गळ्यातून काढला आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीजवळ ठेवला. यापुढे त्यांना बोलवायचं नाही, हे न बोलता ठरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात गेलो. मामा एकटेच होते. घरात ते एकटेच असतात. मी सरळ विचारलं, "मामा, हात का थांबला?"

"आमच्या कविताचा दम तसाच होता, सर," ते म्हणाले. कविता त्यांची मुलगी, आमच्याच शाळेत शिकलेली, लग्न होऊन परभणीकडे गेलेली. "शेवटाला बारीक व्हतो. तुटला वाटतो, पण तुटत न्हाई. इथंच कबड्डी कबड्डी म्हणत फिरायची दिवसभर. म्या वरडायचो, कटकट बंद कर म्हून."

 तेवढ्यात तिचाच फोन आला. मामांना फोन कानाला लावून बोलता येत नाही, त्यामुळे स्पीकरवरून सगळं अंगणभर ऐकू येतं.

"बाबा, तुमी आपल्याच शाळेला हरवलं म्हणे?"

"व्हय." मग म्हणाले, "तुझा दम ऱ्हायला का गं अजून?"

"आता? सैपाक करून राहिले मी."

"म्हण ना जरासा."

थोडा वेळ भांड्यांचाच आवाज आला. मग सासरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात तिकडून 'कबड्डी कबड्डी' सुरू झालं. मामा मान खाली घालून ऐकत होते. चांगलं लांबलं, आणि मग तिला हसू फुटलं.

"तुटला," मामा म्हणाले. "बाद हाईस तू."

"पुन्हा म्हणू?"

"म्हण."