यशयाची हरकत

बी.ए. पास झाल्याची तार आली त्याच दिवशी यशयाला सल्ले मिळू लागले. देणारे अब्राहामकाका. नगरच्या कोर्टात जन्मभर कारकुनी करून ते आता नेवाशाजवळच्या आपल्या गावी अंगणात बाजेवर बसून असत. पुतण्या एवढा शिकला, पण कायद्यात अगदीच कोरा, या काळजीने त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

"वाचल्याबिगर सही करायची न्हाई. कुनाला जामीन राहायचं न्हाई. पगार झाला की आधी पोस्टात टाकायचा. आन् पदवीदान होईस्तोवर नावापुढं बी.ए. लावू द्यायचं न्हाई. चारचौघांत खोटं ऐकून गप बसलं तर कलम लागतं."

"कोणतं कलम?"

"लागलं म्हंजे कळंल."

पहिले तीन सल्ले यशयाने मुकाट्याने ऐकले. चौथ्याने त्याची झोप उडवली. शेजारच्या गावच्या भिमाजींच्या मार्थाशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि रीतीप्रमाणे ते तीन रविवार दोन्ही गावांच्या एकाच चर्चमध्ये जाहीर व्हायचं होतं. पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी वाचलं, "यशया कृपादान, बी.ए., आणि मार्था भिमाजी. कोणाची हरकत असल्यास सांगावी." वडील कृपादान यांची छाती फुगली आणि यशयाला घाम फुटला. पदवीदान अजून व्हायचं होतं, ऑगस्टात.

दुसऱ्या रविवारी तो इतका चुळबुळला की चर्च झाडणाऱ्या दयामावशीने बाकात ढेकूण झाले असं समजून अख्खा बाकच उन्हात टाकायला लावला. पाळकसाहेबांना एकांतात सांगावं तर ते आठवडाभर दौऱ्यावर. वडिलांना सांगावं तर त्यांनी बी.ए. घालून पत्रिकाही छापून आणलेल्या. तिसरा रविवार उजाडला.

"ही शेवटची वेळ. कोणाची हरकत?"

"माझी," यशया उभा राहून म्हणाला.

मार्थाच्या आईने डोळ्यांना पदर लावला. भिमाजी उठले. "पोरीत काय खोट हाय ते सांगा, पाव्हनं."

"खोट माझ्यात आहे. मी बी.ए. नाही."

"म्हंजे नापास?"

"पास आहे. पण बी.ए. नाही."

"तार खोटी हुती व्हय?" मागून कोणीतरी विचारलं. कृपादान यांनी मान खाली घातली. अब्राहामकाका तेवढे समाधानाने मान डोलावत, हा सल्ला आपलाच, असं आजूबाजूच्यांना सांगत होते.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. "हरकत आली म्हणजे चौकशी आली. तोवर लग्न थांबवावं लागेल."

लग्नच थांबेल हे यशयाच्या ध्यानात आलं नव्हतं. मार्थावर त्याचा जीव होता, आणि हे त्याने अजून तिलाही सांगितलं नव्हतं.

बायकांच्या बाकांवरून मार्था उठली. "साहेब, यांची हरकत बी.ए.ला हाय का मला, तेवढं इचारा."

"बी.ए.ला," यशया घाईघाईने म्हणाला. "तू मला पाहिजेसच."

सगळं चर्च हसलं. भर उपासनेत असं बोललेलं गावात कोणी ऐकलं नव्हतं.

"मग बी.ए. खोडा," मार्था म्हणाली.

पाळकसाहेबांनी खोडलं. "आता आणखी कोणाची हरकत?"

मार्था उभीच होती. "माझी. अब्राहामकाकांना लग्नाचं आवतन द्यायचं न्हाई."

काका लग्नाला आले आणि पहिल्याच पंगतीत बसले. पत्रिका आपल्याला आधीच मिळाली होती आणि एकदा दिलेलं आमंत्रण एकतर्फी रद्द होत नाही, असं ते वाढणाऱ्यांना समजावून सांगत होते. तेवढ्यात नवी नवरी स्वतः लाडवांचं ताट घेऊन त्यांच्यापुढे आली आणि दोन लाडू वाढून हळूच म्हणाली, "काका, वाचल्याबिगर तोंडात घालू नका."