शेंडे काकूंचे बोलके स्नायू

शेंडे काकू भेटल्या की नमस्कार करत नाहीत, आपला दंड दाबून पाहतात. बाजारात वांगं दाबावं तितक्या सहज. लगेच निकाल येतो, "नुसतं लोणी हाय!" किंवा "बरा हाय, पण झोपला हाय." रायपुरातल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मतं मागायला आलेल्या उमेदवाराचाही दंड त्यांनी दाबला होता. तो लोण्यात निघाला.

याच काकू एके काळी खाटेवरून उठत नसत. कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांनी कारण शोधलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती सुकली होती. तिच्या इतर हार्मोनांसोबत वाढीचं हार्मोनही बंद पडलं होतं. मोठ्या माणसाला ते कशाला हवं, असं मलाही वाटलं होतं. पण ते नसलं की स्नायू ढिले पडतात आणि पोटावर चरबी चढते. डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि जाता जाता सांगितलं, की काम करणारे स्नायूही हार्मोन सोडतात, चरबीला, यकृताला, हाडांना निरोप धाडतात. अशा आजारात त्यांचा किती उपयोग, हे शास्त्राला अजून पुरतं ठाऊक नाही, असंही ते म्हणाले. काकूंना मात्र ते त्याच दिवशी ठाऊक झालं.

"मसल बोलते, बाप्पा! फक्त त्याले उठवा लागते."

तेव्हापासून रोज सकाळी गच्चीवर रेतीने भरलेले तेलाचे डबे उचलणं चालू झालं. सिलतऱ्याच्या कारखान्यातून थकून आलेले शेंडे काकाही सुटले नाहीत. रायपुरात उंच इमारती आल्या, तेव्हा काकू लिफ्टकडे बघून हळहळल्या, "राजधानी झाली अन् लोकायचे पाय गेले." पंडरीच्या कापड बाजारात एका गादीवरच्या शेठला त्यांनी फर्मावलं, "भैया, बिना हाथ टेके उठके दिखाओ, तब साड़ी लूँगी." शेठ तिसऱ्या प्रयत्नात उठला, तोही कापडाच्या गठ्ठ्याला धरून. काकूंनी दोन साड्या घेतल्या.

मी हसायचो. मग आमच्याकडे बाळ झालं. बाळंतपणात सुषमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, फार रक्त गेलं. महिना झाला तरी ती दिवसभर पडून असे, आणि रायपूरच्या मे महिन्यात अंगावर शाल घेई. भंडाऱ्याहून आलेली माझी आई करवादायची, "आजकालच्या पोट्ट्या! जराशी आळशी हाय, दुसरं काय?" लाज वाटते, पण मलाही तसंच वाटू लागलं होतं.

काकू बाळ बघायला आल्या. सवयीने सुषमाचा दंड दाबला, पण निकाल दिला नाही.

"दूध आलं का वो?"

"एक थेंब नाही, काकू."

"अन् बाळंतपणात रक्त लई गेलं?"

"हव."

काकू माझ्याकडे वळल्या. "गाडी काढ. आत्ताच."

"काहून?" आई म्हणाली. "आराम करून राहिली ते."

"मलेही आळशीच म्हणत होते, माय," काकू म्हणाल्या. "अठरा वर्षं म्हणत होते."

आईने बाळाला दुपट्यात गुंडाळून काकूंकडे दिलं. मी गाडी काढली.

तपासण्या झाल्या. काकूंची होती तीच ग्रंथी, आणि कारणही तेच: बाळंतपणात फार रक्त गेल्याने ती सुकली होती. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि उपचार सुरू झाले. मी बाहेर आलो तेव्हा काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, बाळ छातीशी घेऊन. बाकं रिकामी होती, पण त्या बसल्या नव्हत्या.

"काकू, द्या इकडे. थकाल."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माह्या प्रकाशले मी असं घेतलंच नाही रे. ते रडे, अन् माहे हात उठत नव्हते. त्याले वाटे, आई लाडच करत नाही. आता ते फोन करते त 'मम्मी, ठीक हो?' म्हणते, अन् ठेवून देते. कारण समजलं तवा पोट्टं हॉस्टेलात गेलं होतं. त्याले सांगाचंच राहून गेलं."

मी काकूंच्या पिशवीतून त्यांचा फोन काढला, प्रकाशचा नंबर लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. बाळ त्यांनी सोडलं नाही.

"प्रकाश," त्या म्हणाल्या, "ठेवू नको, बेटा. आज जरासं बोलाचं हाय."