एक जादा प्रश्न

आयुष्यातली पहिली उलटतपासणी घ्यायला नम्रता उभी राहिली. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात दौलत सावंत, मागे तिची अशील सुभद्राकाकू. दोघं लालबागच्या एकाच चाळीतले, भिंतीला भिंत लागून. दौलतने गॅलरीत कैक वर्षांपासून लोखंडी कपाट ठेवलं होतं; काकूंची तक्रार जुनीच, आणि गेल्या वर्षी काकूंच्या घरी येताना गणपतीबाप्पाचा कान त्याला घासून टवका उडाला होता. यंदाचे गणपती तोंडावर आले होते. कपाट हटवायचा हुकूम आज मिळाला नाही, तर बाप्पाची आरती जिन्यातच करावी लागणार होती.

त्यातून न्यायासनावर खानोलकर साहेब. याच साहेबांनी गेल्या शनिवारी नव्या वकिलांच्या शिबिरात टेबल ठोकून सांगितलं होतं, "ज्याचं उत्तर ठाऊक नाही, तो प्रश्न उलटतपासणीत विचारायचा नाही. आणि हवं ते मिळालं की बसायचं. खुर्ची उगीच दिली आहे का?" नम्रताने तेव्हाच खूणगाठ बांधली होती.

"गॅलरी सगळ्या चाळीची आहे ना?"

"होय."

"मग कपाट ठेवताना कुणाची परवानगी घेतलीत?"

दौलतने मान खाली घातली. "कुणाचीच नाय."

झालं! गंगेत घोडं न्हालं. नम्रता बसणार, तोच काकूंनी मागून तिचा काळा कोट ओढला. "अगो, विचार ना त्याला, एवढी वर्षं हलवलं का नाही म्हणून!"

"काकू, नको. उत्तर माहितीये तुम्हाला?"

"त्याला कसलं उत्तर येतंय! पडू दे मेल्याला तोंडावर."

नम्रताची जीभ वळवळली. ओठ चावून ती मुकाट्याने बसली. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे कौतुकाने पाहिलं, हुकूम सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. माणूस ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेला. शेजाऱ्यांची भानगड अर्धवट कळली तर त्याला जेवण कसं जाणार?

"काय हो सावंत, एवढी वर्षं तक्रार आहे, तर कपाट हलवलं का नाहीत?"

नम्रता खुर्चीतून अर्धी उठली. न्यायाधीशांच्याच प्रश्नाला हरकत घ्यायची कशी?

"हलवणार कसा साहेब? आत सगळी सुभद्रावैनींच्या गणपतीची भांडी. कुलूपपण त्यांचाच. ती बघा चावी, त्यांच्या कमरेला!"

सगळं कोर्ट वळून पाहू लागलं. काकूंनी घाईघाईने चावीवर पदर ओढला.

साहेबांनी कपाळ चोळलं. "वकीलबाई, तुम्ही वेळेवर बसला होतात," ते पुटपुटले. मग त्यांनी हुकूम दिला: सुभद्राबाईंनी आज भांडी काढावीत, सावंतांनी उद्या कपाट हलवावं.

बाहेर आल्यावर नम्रताच्या जिवात जीव आला. "जिंकलो की काकू!"

"जिंकलो काय डोंबल! भांडी ठेवू कुठे आता?"

मागून दौलत येत होता. "माझ्या खोलीत ठेवा वैनी. पलंगाखाली जागा हाय."

काकूंनी क्षणभर विचार केला आणि कमरेची चावी चाचपली.

"ठेवते. पण खोलीला कुलूप माझंच लागेल हां!"