हरणारा गट पाहिजे

फॉर्मवर स्वच्छ छापलं होतं: 'हरलेल्या मुलाची इतर मुले समजूत घालतात, असा एक फोटो जोडावा.' चारच्या आत फोटो गेला नाही तर संस्था किन्हवलीजवळच्या शाळेतला हा प्रकल्प गुंडाळणार, आणि त्याबरोबर संजीवनीची नोकरी. गारेगार खोलीत बसून गावच्या पोरांना माणुसकी शिकवायचे फॉर्म छापणाऱ्यांचं काय जातंय.

पावसानं उघडीप दिली होती. संजीवनीनं मैदानात दोन गट केले, एक हिरव्या फितीचा, एक पिवळ्या. मातीचं घर आधी बांधेल तो जिंकला. हिरव्यांचं घर वीस मिनिटांत उभं राहिलं, आणि सगळे हिरवे उठून पिवळ्यांच्या भिंती लिंपायला गेले.

"अरे, ते विरोधी आहेत तुमचे."

"त्यांचं ऱ्हायलंय ना," ओमकार म्हणाला. "आपलं झालं तं बसून काय करायचं?"

दुसऱ्या गटाला मदत बंद, असा तिनं नियम केला. ओमकारनं निमूट हिरवी फीत सोडली, पिवळी बांधली आणि चिखल कालवायला बसला. तिनं मधे चुन्याची रेघ मारली. पोरांनी रेघेवरच भिंत चढवली. दोन्ही घरं मिळून एक झालं.

साडेतीन वाजले. संजीवनीनं मोबाइल पोरांतल्या कुणालीच्या हातात कोंबला. "कुणी रडलं की फोटो काढ." आणि त्या घराला सणसणीत लाथ घातली. भिंत पडली, पाय आत रुतला आणि मॅडम उताण्या चिखलात.

पोरांतलं कुणी रडलं नाही. भाविका भिंत निरखत म्हणाली, "बरं झालं. कच्चीच व्हती."

तेव्हा संजीवनीलाच हुंदका फुटला. पोरं धावली. ओमकारनं तिचा पाय सोडवला, भाविकानं ओढणीनं तोंड पुसलं. "उगी गो मॅडम. परत बांधू." कुणालीनं सांगितल्याप्रमाणे फोटो काढला.

दुसरा नव्हताच, तोच गेला. संस्थेच्या साहेबांचा निरोप आला: 'उत्कृष्ट. हरलेलं मूल जरा थोराड वाटतं.'

"उद्या रविवार, सातला या," ओमकार म्हणाला.

"कुठं?"

"आमच्या आवणीला. आज आमी तुमच्या कामाला, उद्या तुमी आमच्या. सावड असते ना."

दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात ती भाताची रोपं लावत होती, सगळ्यांच्या मागे. मान वर केली तर पुढच्या बाया हात धुऊन घरी निघायचं सोडून तिच्याकडेच येत होत्या. तिच्या ओळीत वाकल्या, झालं. संजीवनी हातातली जुडी धरून बघतच राहिली.

"सावकाश लाव गो," ओमकारची आजी धोंडीबाई म्हणाली. "आमचं झालंय."